अठरावा मैल

सोकोरोहून माग्दालेनाला जाणारा रस्ता
सव्वीस मैल चढतच राहतो,
आणि त्यातल्या अठराव्या मैलावर
एलॉयमामाचा ट्रक दर जूनमध्ये उकळतो.
मग तो बॉनेट उघडून उभा राहतो,
हात पाठीशी, टोपी काखेत,
वाफ बोलायची थांबेपर्यंत.

यंदा मी म्हटलं, पुरे.

जुना पंखा पाण्याच्या पंपाला जखडलेला.
इंजिन जागं, की तो जागा.
जानेवारीत जाळीवर बर्फ असताना भणभणतो,
उतारावर समोरून फुकटचा वारा येत असतानाही,
आणि चढावर, जिथे त्याचं खरं काम,
तिथे इंजिन रडतखडत चालतं
म्हणून हाही मरगळतो.
हे सगळं मी मामाला हातवारे करून समजावलं.
"तुझी मामी हेच म्हणायची," तो म्हणाला,
"माझ्याबद्दल."
आणि पाना उचलला.

नट उलट्या आट्यांचा.
अर्धा तास आम्ही तो घट्टच करत होतो.

पंखा निघाला तेव्हा त्याने तो मांडीवर घेतला,
पाती मोजली. सात.
त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत,
एक्क्याण्णव सालापासून. कसं झालं, सांगत नाही.
एका पात्याच्या कडेवरून
त्याने अंगठा फिरवला,
वासराच्या कानामागून फिरवावा तसा.

नवा जोडपंखा बेलेनच्या भंगारातला.
एका चेपलेल्या लिंकनच्या पुढ्यात
हर्मन त्सो गुडघ्यावर बसला, चार बोल्ट सोडले,
म्हणाला, गाडी गेली, हा वाचला,
चाळीस डॉलर.
पावती त्याने पिवळ्या कागदावर लिहून दिली
कारण मामाने मागितली.

मग तारा.
बॅटरीपासून एक जाड, लाल,
तिच्यावर चाळीस अँपियरचा फ्यूज,
काडेपेटीएवढा रिले,
आणि पाण्यात बुडालेला एक सेन्सर,
एकशे पंच्याण्णवला हो म्हणणारा,
एकशे ऐंशीला नाही.
मामा म्हणाला, एवढंसं डोकं, आणि त्याला कळतं?

चावी फिरवली.
पंखा नाही. काहीच नाही.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
त्या ट्रकच्या तोंडाशी उभं राहून
हळू आवाजात बोलता येत होतं,
आणि आम्हा दोघांनाही काही सुचेना.
"ते टकटक कसलं?"
"टॅपेट."
"कधीपासून?"
"असेल जुनंच. ऐकू येत नव्हतं."
काटा वर सरकत होता.
अंगणात शेजारच्या ओफेलियाची बकरी येऊन थांबली.

खट्.
दोन्ही पंखे एकदम घोंघावले.
मामाने ती पिवळी पावती जाळीसमोर धरली,
म्हणजे वारा आत ओढला जातो का ते कळावं,
आणि पावती उडाली, थेट बकरीकडे.
तारा उलट्या लागल्या होत्या. माझ्याकडून.
मी काही बोलायच्या आत
त्याने दोन्ही टोकं सोडवून माझ्या हातात दिली.
बकरीने चाळीस डॉलर खाल्ले.
दुसऱ्या खेपेला वर्तमानपत्राचा तुकडा
जाळीला चिकटला, सुटेना.

शनिवारी तेवीस गंज्या गवत लादून निघालो.
अठराव्या मैलाला त्याने सवयीने
पाय सैल केला, रस्त्याच्या कडेला पाहिलं:
तिथे त्याच्याच टाकलेल्या पाण्याने
एक हिरवट झुडूप वाढलंय.
काटा हलला नाही.
आम्ही पुढे गेलो. तो मागच्या आरशात
बराच वेळ बघत होता.

माग्दालेनाला, गोठ्यापाशी, त्याने चावी काढली.
इंजिन गप्प झालं. पंखे फिरतच राहिले.
"बंद केलं ना मी?"
"केलंस. आत धग उरते, ती निघेपर्यंत चालतात."
तो उतरला नाही.
चावी अर्ध्या बोटांमध्ये धरून ऐकत बसला.
मीही दार उघडलं नाही.
खट् झालं तेव्हा
दूर कुणीतरी कुंपणाची तार ओढत होतं, ते ऐकू आलं.

"दोन मिनिटं," मामा म्हणाला,
"आणि वर थोडी."
मग दारावर हात ठेवून,
"टॅपेट उद्या बघू."